पहिला अ‍ॅनिमे कोणता सुचवावा? रहस्यकथा आणि कादंबऱ्या वाचणाऱ्या प्रौढ प्रेक्षकासाठी

केतकी

माझ्या मोठ्या बहिणीला पहिला अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशनचा चित्रपट किंवा मालिका) सुचवायचा आहे आणि निवड करताना मी अडले आहे. ताई चाळिशीची आहे. रहस्यकथा आणि कौटुंबिक कादंबऱ्या हे तिचे आवडते वाचन. परभाषेतले चित्रपट ती सबटायटल्स वाचत आवडीने पाहते, त्यामुळे जपानी भाषेचा अडसर तिला वाटणार नाही. अडसर आहे तो मनात बसलेल्या एका समजाचा: रेखाटलेली पात्रे दिसली की ते मुलांसाठी केलेले काहीतरी आहे, असे ती धरून चालते. मागे एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून तिने शेकडो भागांची एक मारामारीची मालिका सुरू केली होती आणि दोन भागांनंतर सोडून दिली. लढता लढता पात्रे इतके का बोलतात, गंभीर प्रसंग चालू असताना मध्येच चेहरे वेडेवाकडे का होतात, आणि दोन भाग संपले तरी कथा जागची का हलत नाही, हे तिचे आक्षेप होते. मला ते सगळे रास्त वाटतात.

आता तिने स्वतःहून विचारले आहे. "तू एकच सांग, तो मी शेवटपर्यंत बघेन," असे ती म्हणाली, आणि तिने टाकलेला हा विश्वास वाया जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. माझी स्वतःची सर्वांत आवडती मालिका 'इव्हँगेलियन' आहे; परंतु 1995 पर्यंतच्या महाकाय यंत्रमानवांच्या कथांशी ज्याची ओळख आहे त्यालाच तिच्यातील उलथापालथ पुरती कळते, म्हणून ती मी बाजूला ठेवली आहे. 'डेथ नोट', 'स्पिरिटेड अवे' आणि 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' ही तीन नावे सगळीकडे सुचवली जातात. यांपैकी एक निवडावे की वेगळेच काही? आधी चित्रपट द्यावा की मालिका? "दहा भाग कसेबसे काढ, पुढे रंगत येते" असे मला तिला सांगायचे नाही, एवढी एकच अट आहे.

राघव

तुमची अट योग्य आहे आणि निवडीची सुरुवात तिथूनच व्हावी. "पहिला अ‍ॅनिमे" म्हणून ज्या याद्या फिरतात त्या बहुतेक वेळा अनेक वर्षे अ‍ॅनिमे पाहणाऱ्यांनी स्वतःच्या आठवणींवरून केलेल्या असतात. त्यांनी ती मालिका चौदाव्या-पंधराव्या वर्षी पाहिलेली असते आणि त्या वयात तिने त्यांच्यावर केलेला परिणाम ते नव्या प्रेक्षकाकडूनही अपेक्षितात. तुमच्या ताईंच्या बाबतीत मी अ‍ॅनिमेच्या यादीकडे न पाहता त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहीन. रहस्यकथेच्या वाचकाला कथेकडून काय हवे असते? प्रत्येक तपशिलाला शेवटी काही अर्थ असावा, लेखकाने माहिती लपवून फसवू नये आणि शेवट आधीच्या मांडणीतून निघावा.

या कसोटीवर 'डेथ नोट' अर्धी उतरते. ज्याचे नाव लिहावे तो मरतो अशी वही एका हुशार विद्यार्थ्याच्या हाती लागते आणि एक विलक्षण गुप्तहेर त्याच्या मागावर निघतो. गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. तो कसा पकडला जाईल एवढाच प्रश्न उरतो. ही रचना ताईंना परिचित असेल आणि पहिले काही भाग त्या एका बैठकीत पाहतील. परंतु मालिका 37 भागांची आहे आणि साधारण दोन-तृतीयांश अंतरानंतर तिची पकड सैल होते, हे तिच्या चाहत्यांपैकीही पुष्कळजण मान्य करतात. स्त्री पात्रांना तिने दिलेली वागणूक तर मला अजिबात पटत नाही. कादंबऱ्या वाचणाऱ्या प्रौढ स्त्रीच्या नजरेतून ते सुटणार नाही.

माझी शिफारस 'ऑड टॅक्सी' आहे. ही 2021 सालची, केवळ 13 भागांची मालिका. ती कोणत्याही मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, आधारलेली नाही. सुरुवातीपासून पडद्यासाठीच लिहिली गेली, म्हणून तिला स्वतःचा आरंभ आणि स्वतःचा शेवट आहे. टोकियोत रात्री टॅक्सी चालवणारा, झोप न लागणारा, फटकळ आणि एकलकोंडा ओदोकावा हा तिचा नायक. एक शाळकरी मुलगी बेपत्ता झालेली असते आणि ती शेवटी त्याच्या टॅक्सीत बसली असावी असा पोलिसांना संशय असतो. त्याच्या गाडीत येऊन बसणारी माणसे, म्हणजे प्रसिद्धीसाठी आसुसलेला एक तरुण, एक विनोदी जोडी, एक नर्स, एक लाचखाऊ पोलीस, ही सगळी वरवर असंबद्ध गप्पा मारतात आणि त्या गप्पांतले जवळजवळ काहीच वाया जात नाही. चौथा भाग तर एका खोडरबराच्या हव्यासापासून सुरू होऊन मोबाइल खेळाच्या व्यसनात बुडालेल्या माणसाची पूर्ण शोकांतिका सांगतो. स्वतंत्र लघुकथा म्हणूनही तो उभा राहील.

एक गोष्ट मात्र ताईंना आधी सांगावी लागेल. यातील सगळी पात्रे प्राण्यांच्या रूपात आहेत. ओदोकावा स्वतः वॉलरस आहे. चित्रे म्हणजे मुलांसाठी, असा समज असलेल्या व्यक्तीला पहिल्या मिनिटात हे खटकेल. तरीही मी ही जोखीम घ्यायला सांगतो, कारण पात्रे प्राण्यांच्या रूपात का आहेत हा प्रश्न त्या रहस्याचाच भाग आहे. याहून अधिक सांगणे अन्यायाचे होईल.

'मॉन्स्टर' हे नाव तुम्हाला कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. 1986 साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फमध्ये एक जपानी मेंदूशल्यविशारद शहराच्या महापौरांऐवजी आधी आलेल्या एका लहान मुलाचा जीव वाचवतो आणि नऊ वर्षांनी त्याला कळते की आपण कोणाला वाचवले. ताईंसाठी याहून योग्य कथा नाही. पण भाग 74 आहेत. पहिली म्हणून नको. दुसरी किंवा तिसरी म्हणून जरूर.

सुमेधा

राघव यांनी वाचकाच्या आवडीपासून सुरुवात केली हे मला पटले, परंतु मी मालिकेऐवजी चित्रपट देईन. ज्या व्यक्तीचा एक अनुभव आधीच कडवट झाला आहे तिच्याकडून तेरा भागांची बांधिलकी मागण्यापेक्षा दोन तासांत पूर्ण होणारी कलाकृती तिच्यापुढे ठेवणे अधिक आदराचे आहे. पूर्ण झालेल्या गोष्टीवर मत देता येते. अर्धवट पाहिलेल्या मालिकेबद्दल केवळ कंटाळा सांगता येतो.

'स्पिरिटेड अवे' ही महान कलाकृती आहे. 2002 साली बर्लिन महोत्सवात तिला सुवर्ण अस्वल मिळाले आणि 2003 साली सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर. तरीही तुमच्या ताईंसाठी ती पहिली असू नये असे मला वाटते. तिची नायिका दहा वर्षांची आहे, कथा अद्भुत प्रदेशात घडते, आणि पाहून झाल्यावर त्या "मुलांचा फार सुंदर चित्रपट आहे" असे म्हणतील. ते चुकीचेही नसेल. पण त्यांचा मूळ समज आहे तिथेच राहील.

त्याच स्टुडिओ जिबलीचा, ईसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेला 1991 सालचा 'ओन्ली येस्टरडे' पाहा. ताएको ही टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची अविवाहित स्त्री रजा काढून यामागाताच्या ग्रामीण भागात करडईची फुले खुडायला जाते. प्रवासात आणि शेतात तिला 1966 सालची, पाचवीतली ताएको आठवत राहते. त्या आठवणींत मोठ्या घटना नाहीत. घरात पहिल्यांदा आणलेले अननस कसे कापावे हे कोणालाच ठाऊक नसणे, अपूर्णांकांचा भागाकार न जमणे, वडिलांनी एकदाच मारलेली थप्पड, एवढेच आहे. परंतु त्या छोट्या मुलीने काय गिळून टाकले होते हे मोठ्या ताएकोला हळूहळू उमगत जाते आणि त्या उमगण्यालाच कथा म्हणावे लागते. चांगल्या कौटुंबिक कादंबरीचे वाचक ज्या गोष्टींसाठी वाचतात त्या सगळ्या इथे आहेत.

एक तांत्रिक बाब मला विशेष प्रिय आहे. जपानी अ‍ॅनिमेमध्ये सामान्यतः आधी चित्रे होतात आणि नंतर आवाज दिले जातात. या चित्रपटातील वर्तमानकाळाच्या प्रसंगांसाठी मात्र संवाद आधी ध्वनिमुद्रित करून त्यांच्यावरून चेहरे रेखाटले गेले. म्हणून ताएको हसते तेव्हा तिच्या गालांवर हसण्याच्या रेषा उमटतात, स्नायू हलतात. उलट भूतकाळाच्या प्रसंगांत कडा फिकट होत जातात आणि पार्श्वभूमी पांढऱ्यात विरते. वेडेवाकडे चेहरे ही ज्यांची तक्रार आहे त्यांनी हे चेहरे जरूर पाहावेत.

आणि एक कळकळीची विनंती. अ‍ॅनिमे मुलांसाठी नाही हे सिद्ध करण्याकरिता अनेकजण 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' पहिल्यांदा दाखवतात. तोही ताकाहाता यांचाच, 1988 चा. युद्धाच्या शेवटी कोबे शहर जळाल्यानंतर निराधार झालेल्या भावंडांची ती कहाणी आहे आणि ती पाहण्यासाठी मनाची तयारी लागते. कोणाचा गैरसमज खोडण्याचे हत्यार म्हणून ती वापरू नये.

केतकी

दोघांचेही आभार. 'ओन्ली येस्टरडे' हे नाव माझ्या मनात आलेच नव्हते. ताईशी पुन्हा बोलले. मालिकेला तिची ना नाही, मात्र भाग मोजके असावेत आणि कथा पूर्ण झालेली असावी. तिने आणखी एक प्रश्न विचारला आणि मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही: इतकी सुंदर पार्श्वभूमी रंगवणारे लोक पात्रांना मात्र बराच वेळ स्थिर का ठेवतात? पुष्कळदा फक्त ओठ हलत असतात. हा आळस आहे का, असे तिने विचारले.

वाटसरू

आळस नाही, पण गरजेतून आलेली पद्धत नक्कीच आहे, आणि तिचा इतिहास ताईंना थोडक्यात सांगितला तर त्यांचे आधीचे आक्षेपही बरेच निवळतील.

ओसामु तेझुका यांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' 1 जानेवारी 1963 रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा तर चित्रपटाच्या पद्धतीने काम करणे पैशांच्या आणि मनुष्यबळाच्या दृष्टीने अशक्य होते. चित्रफितीत सेकंदाला 24 चौकटी असतात. एकच चित्र तीन चौकटींपर्यंत धरून ठेवले तर सेकंदाला 8 चित्रांत भागते. बोलताना फक्त ओठ बदलले, एकदा केलेल्या हालचाली पुन्हा वापरल्या, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवला, तर त्याहूनही कमी. ही काटकसर पुढे शैली बनली. चांगला दिग्दर्शक हालचाल जपून ठेवतो आणि जिथे भावना किंवा गती शिगेला पोहोचते तिथे ती सगळी ओततो. म्हणून पात्र मिनिटभर स्थिर राहून अचानक धावू लागते तेव्हा त्या धावण्याला वजन येते. लढता लढता बोलणे आणि मनातल्या मनात लांबलचक विचार करणे हे बव्हंशी मांगातून आले आहे. कागदावर क्षण थांबवून ठेवता येतो, म्हणून तिथे ते नैसर्गिक वाटते. पडद्यावर ते सगळ्यांनाच रुचते असे नाही, आणि न रुचल्यास प्रेक्षकाचे काही चुकले असे मानण्याचे कारण नाही.

कथा न सरकण्याचे कारण तर अगदी व्यावहारिक आहे. वर्षानुवर्षे दर आठवड्याला चालणाऱ्या मालिका साप्ताहिकात क्रमशः येणाऱ्या मांगाला गाठतात. मग एकतर मूळ कथेत नसलेले, ज्यांना फिलर म्हणतात ते भाग घालावे लागतात किंवा आहे तोच प्रसंग ताणावा लागतो. आता बहुतेक मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हंगामांत, 12 किंवा 13 भागांच्या तुकड्यांत येतात, आणि ताणाताणीचा तो दोष पुष्कळ कमी झाला आहे. नव्या प्रेक्षकाने पूर्ण झालेल्या, एक किंवा दोन हंगामांच्या मालिकेपासून सुरुवात करावी, असे मी सांगतो ते यामुळेच.

भाषेबद्दल: ताईंना सबटायटल्सची सवय आहे, तेव्हा मूळ जपानी आवाज ठेवा. सवय नसती तर डबिंगला मी हरकत घेतली नसती. 1998 सालच्या 'काऊबॉय बीबॉप'चे इंग्रजी डबिंग इतके नावाजले गेले आहे की अनेक जाणकार ती मालिका त्याच आवाजांत पाहायला सांगतात.

अभिजित

वरील सगळ्या उत्तरांबद्दल आदर बाळगून मी थोडा विरोध नोंदवतो. 'ओन्ली येस्टरडे' मलाही अत्यंत प्रिय आहे. परंतु ताईंना तो आवडला तर त्या कदाचित म्हणतील की हीच कथा खऱ्या नटांना घेऊनही झाली असती, मग रेखाटायची कशाला? पहिल्या अ‍ॅनिमेने या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. प्रौढ प्रेक्षकाला न दुखावण्याच्या काळजीपोटी आपण अ‍ॅनिमेचे अ‍ॅनिमेपण झाकून ठेवू नये, असे मला तळमळीने वाटते.

मी 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड'चा कैवारी आहे. मृत आईला परत आणण्याचा निषिद्ध प्रयोग करणारे दोन भाऊ, त्याची त्यांनी शरीराने मोजलेली किंमत, आणि त्यातून उलगडत जाणारा एका संपूर्ण राष्ट्राच्या पापाचा इतिहास. 64 भागांत इतका घट्ट विणलेला आणि इतका समाधानकारक शेवट असलेला दुसरा अ‍ॅनिमे मला चटकन आठवत नाही. तरीही ताईंसाठी मी तो सुचवणार नाही, कारण गंभीर प्रसंगात मध्येच चेहरे वेडेवाकडे करण्याची सवय त्यात पहिल्या भागापासून आहे.

त्याऐवजी 'मुशिशी' द्या. 2005-06 सालची, 26 भागांची ही मालिका आहे. गिन्को नावाचा एक भटका माणूस डोंगराळ गावांतून हिंडतो. वनस्पती आणि प्राणी यांच्याही आधीच्या पातळीवरचे, बहुतेकांना न दिसणारे मुशी नावाचे जीव माणसांच्या आयुष्यात शिरतात तेव्हा विचित्र व्याधी उद्भवतात. गिन्को लक्षणे ऐकतो, पुरावे जुळवतो, कारण शोधतो आणि जमल्यास उपाय करतो. ही शोधकथेचीच रचना आहे, फक्त इथे गुन्हेगार कोणी नसतो. मुशी दुष्ट नाहीत, माणसेही सहसा नाहीत. दोघांच्या जगण्याचा एकमेकांना त्रास होतो एवढेच. प्रत्येक भाग स्वतंत्र असल्यामुळे एक पाहून थांबले तरी काही अपुरे राहत नाही. पहिल्याच भागात डाव्या हाताने काढलेले चित्र जिवंत होते असा एक मुलगा भेटतो. शाईची रेषा हवेत उठून पक्षी होते ते दृश्य पाहिल्यावर रेखाटायचे कशाला हा प्रश्न उरणार नाही. गती संथ आहे, हे मान्य. पण ती पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकसारखी संथ आहे, त्यामुळे एका भागात निर्णय होऊन जाईल.

सुमेधा

अभिजित यांचा आक्षेप बिनतोड आहे आणि त्यावरून मला आणखी एक चित्रपट सुचवावासा वाटतो: सातोशी कोन यांचा 2001 सालचा 'मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस'. अनेक वर्षांपूर्वी पडद्यावरून नाहीशी झालेली वृद्ध अभिनेत्री चियोको एका माहितीपटकाराला आपले आयुष्य सांगू लागते. तरुणपणी भेटलेल्या एका अनोळखी चित्रकाराने मागे ठेवलेली किल्ली आणि त्याचा तिने जन्मभर घेतलेला शोध हे त्यातले रहस्य. ती बोलू लागते तेव्हा तिच्या आठवणी आणि तिने केलेल्या चित्रपटांतील भूमिका एकमेकींत मिसळत जातात. एका दारातून ती युद्धकाळात शिरते आणि दुसऱ्या दारातून कित्येक शतके मागे निघते, आणि मुलाखत घेणारा माणूस व त्याचा कॅमेरामन तिच्या मागोमाग त्या सगळ्या काळांत धावत राहतात. खऱ्या नटांना घेऊन हे केले तर सांधे दिसतील. रेषेत ते दिसत नाहीत, कारण तिथे आठवण आणि वास्तव एकाच हाताने काढलेले असते. लांबी 87 मिनिटे. कोन 2010 साली फार लवकर गेले आणि त्यांचे पूर्ण लांबीचे चित्रपट चारच आहेत, हे लिहितानाही वाईट वाटते. त्यांचा 'परफेक्ट ब्लू' मात्र ताईंना इतक्यात देऊ नका. त्यातील हिंसा पहिल्या भेटीसाठी फार जड आहे.

केतकी

हे सगळे वाचल्यावर माझा क्रम ठरला. शनिवारी रात्री ताईला 'मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस' दाखवते, कारण ती एका बैठकीत चित्रपट पाहणारी आहे आणि त्यात रहस्य, एका स्त्रीचे पूर्ण आयुष्य आणि रेखाटण्याचे कारण या तिन्ही गोष्टी आहेत. तो आवडला तर पुढच्या आठवड्यात 'ऑड टॅक्सी'. 'ओन्ली येस्टरडे' मी स्वतःच आधी पुन्हा पाहणार आहे. तो तिच्याबरोबर पाहायचा की तिने एकटीने पाहायचा हे त्यानंतर ठरवेन. राघव, 'ऑड टॅक्सी'बाबत काही पूर्वसूचना असल्यास सांगावी.

राघव

दोन आहेत. पहिली अशी की 2022 साली त्याच कथेवर 'ऑड टॅक्सी: इन द वुड्स' नावाचा चित्रपट आला. त्यात मालिकेचाच बराचसा मजकूर वेगळ्या मांडणीत आहे आणि रहस्ये उघड होतात, तेव्हा लांबी कमी आहे म्हणून मालिकेऐवजी तो लावू नका. दुसरी अशी की यानो नावाचे एक पात्र सतत यमक जुळवून, रॅप केल्यासारखे बोलते. सबटायटल्समध्ये ते भाषांतरकारांनी कसोशीने आणले असले तरी वाचण्याचा वेग वाढतो, त्यामुळे त्याच्या प्रसंगांत ताईंना गरज पडल्यास थांबवून वाचू द्या. आणि तेराव्या भागात कथा मिटली असे वाटले तरी पडदा पूर्ण काळा होईपर्यंत बंद करू नका. अगदी शेवटचे दृश्य चुकले तर एका महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर हातचे निसटेल.